समोरच्याचं ‘हो’ कुठवर धरायचं?

काटोलजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तरुण संचालकांचा प्रश्न आहे: “आमची संत्री आखातात आणि भंडाऱ्याच्या मित्राच्या मिलमधला तांदूळ आफ्रिकेत पाठवायचा विचार आहे. माल चांगला असला आणि भाव परवडत असला, तर देशोदेशीच्या संस्कृतीतल्या फरकाने व्यापारात खरंच काही अडतं का? की हे एमबीएच्या वर्गात शिकवण्यापुरतंच आहे?”

अडतं. कुठे किती अडलं हे रुपयांत सांगता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी नागपुरात २७ वर्षं निर्यातीच्या कामात आहे. सुरुवात इतवारीतल्या एका मिरचीच्या पेढीवर बिलं टाइप करण्यापासून झाली. पुढे तांदूळ, सोयाबीनची ढेप (तेल काढल्यावर उरणारा चोथा), बुटीबोरीच्या कारखान्यांतले सुटे भाग असं बरंच काही पाठवलं. एवढ्या वर्षांच्या नुकसानीचा हिशेब मांडला, तर माल खराब निघाला म्हणून गेलेले पैसे त्यात कमी आहेत. जास्त पैसे गेले ते चार साध्या शब्दांपायी: ‘हो’, ‘उद्या’, ‘चांगला माल’ आणि ‘ठरलं’. या शब्दांचा अर्थ समोरच्याला आपल्यासारखाच लागतो असं दोघेही धरून चालतात. हात कसा मिळवावा, व्हिजिटिंग कार्ड एका हाताने द्यावं की दोन्ही हातांनी, हे दोन दिवसांत शिकता येतं, आणि चुकलात तरी परदेशी माणूस समजून घेतो. शब्दाच्या अर्थातली चूक मात्र झाली आहे हेच दोघांना उशिरा कळतं, बहुतेक वेळा कंटेनर समुद्रात असताना.

आपल्यापासूनच सुरुवात करू. कळमन्याच्या मार्केटात एखादा अडत्या तुम्हाला म्हणाला, “पाहून घेऊ नं भाऊ, होऊन जाते,” तर तुम्ही काय समजता? काम झालंच असं तुम्ही धरत नाही. त्याचा आवाज, त्याने चहा मागवला की नाही, मागच्या हंगामात तो कसा वागला, यावरून तुम्ही अंदाज बांधता. हे आपल्याला लहानपणापासून येतं, म्हणून ते आपण करतो हेही लक्षात येत नाही.

जर्मन खरेदीदार फक्त शब्द ऐकतो. बुटीबोरीतल्या एका कारखान्याचं निर्यातीचं काम मी पाहत होतो, तेव्हाची गोष्ट. जर्मनीतल्या खरेदी अधिकाऱ्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, १५ तारखेला माल निघेल ना? आमच्या उत्पादन प्रमुखाने मान डोलावली आणि “येस, येस” म्हटलं. त्याच्या मनातला अर्थ होता: तुमचं म्हणणं कळलं, आम्ही जिवापाड प्रयत्न करू. तिकडच्याने त्या ‘येस’वर जहाज धरलं आणि आपल्या कारखान्यात मशीनचा वेळ राखून ठेवला. ८ तारखेलाच आम्हाला माहीत होतं की माल प्लेटिंगवाल्याकडे, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्याकडे, अडकला आहे. पण आधीच वाईट बातमी कशाला द्यायची, कदाचित जमेलही, असं म्हणून कुणी कळवलं नाही. माल तयार झाला २१ ला. सहा दिवसांचा उशीर त्यांनी सांभाळून घेतला असता; ८ ते १५ आम्ही गप्प बसलो हे त्यांना सहन झालं नाही. शेवटी माल विमानाने पाठवावा लागला आणि त्या ऑर्डरवरचा सगळा नफा विमानभाड्यात गेला.

डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या जगभरातल्या कर्मचाऱ्यांनी भरून दिलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून देशांचे काही निर्देशांक काढले. त्यातला एक सत्तेतल्या अंतराचा आहे, म्हणजे वरच्या माणसाचं वरचेपण खालचा किती मुकाट्याने मान्य करतो याचा. त्यात भारताचा आकडा ७७, जर्मनीचा ३५. त्या कॉलच्या वेळी आमच्या उत्पादन प्रमुखाच्या शेजारी मालक बसले होते. मालकांसमोर आणि परक्या माणसासमोर तो ‘नाही जमणार’ म्हणेल हे शक्यच नव्हतं. जर्मन अधिकारी मात्र आपल्या साहेबासमोरही ‘नाही’ म्हणाला असता, आणि साहेबाला ते योग्यच वाटलं असतं. हे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत, त्यांवरून समोरचा माणूस ठरवू नका. पण आपली माणसं कुठे गप्प बसतील हे ओळखायला ते उपयोगी पडतात. त्या प्रसंगानंतर मी तारखेचा प्रश्न मालकांसमोर विचारणं बंद केलं. कॉलच्या आधी उत्पादनवाल्याला एकट्याला गाठायचं आणि “होईल का?” असं न विचारता “कशामुळे अडेल?” असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ येतं, दुसऱ्याला प्लेटिंगवाल्याचं नाव येतं.

जपानी माणसाचं ‘नाही’ शोधावं लागतं. ‘केंतो शिमासु’ म्हणजे ‘विचार करतो’, ‘चोत्तो मुझुकाशी’ म्हणजे ‘थोडं अवघड आहे’, आणि धंद्याच्या बोलण्यात बहुतेक वेळा दोन्हींचा अर्थ ‘नाही’. आपल्या ‘बघतो’चेच हे भाऊबंद, त्यामुळे जपानी आपल्याला सोपे जातील असं मला वाटलं होतं. ‘थोडं अवघड’ ऐकून आम्ही दोनदा भाव उतरवला, कारण आपल्याकडे अवघड म्हणजे भाव. त्यांची अडचण पॅकिंगची होती. भाव उतरल्यावर त्यांना वर आणखी एक शंका आली: एवढा उतरवता येत होता, तर आधी काय भरलं होतं?

पुढे त्यांचं काम मिळालं, आणि पहिल्याच वर्षी १,२०० नगांच्या खेपेत तीन नगांवर रंगाखाली ओरखडा निघाला. मी त्याच दिवशी माफीचं पत्र लिहिलं, तीनच्या जागी दहा नग फुकट पाठवतो म्हटलं, वर पुढच्या बिलात सूट देऊ केली. आपल्याकडे यापेक्षा मोठं मन कुणी दाखवत नाही. उत्तर आलं ते चार ओळींचं आणि कोरडं. त्यांना नग नको होते, सूट तर नकोच होती. ओरखडा रंगाखाली आहे, म्हणजे रंगाआधी पडला. मग रंगवणाऱ्याला तो दिसला कसा नाही? तिन्ही नगांवर तो एकाच जागी का? कारण सापडेपर्यंत पाच वेळा ‘का’ विचारायची जी रीत टोयोटाने रुजवली, तिचाच हा भाग होता. आम्ही लाइनवर जाऊन दिवसभर उभे राहिलो. नग ठेवायच्या लोखंडी ट्रेची एक कड वाकून बोटभर वर आली होती आणि शेवटच्या ओळीतला नग उचलताना तिला घासत होता. ट्रे बदलले, कडांना रबर लावलं, आधीचे आणि नंतरचे फोटो लावून दोन पानी अहवाल पाठवला. पुढची ऑर्डर न मागता आली. अनिश्चितता टाळण्याच्या निर्देशांकात हॉफस्टेड यांच्याकडे जपान ९२ वर आहे आणि भारत ४० वर. फुकट दहा नग देऊन मी त्यांना नकळत सांगत होतो की असं पुन्हाही होऊ शकतं.

त्या कंपनीची माणसं नागपूरला आली तेव्हा कारखाना दाखवून झाल्यावर आम्ही त्यांना कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बुद्धमंदिरात नेलं. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीतून १९९९ मध्ये ते उभं राहिलं. तिथून दीक्षाभूमी. जपानहून आलेले भदंत सुरई ससाई नागपूरचेच होऊन गेले, हेही सांगितलं. दोन दिवस मोजकं बोलणारी ती माणसं संध्याकाळी स्वतःहून प्रश्न विचारू लागली. अटी एका पैशानेही बदलल्या नाहीत, पण त्यानंतर त्यांच्या शंका पत्रात न येता फोनवर येऊ लागल्या, आणि फोनवर आलेली शंका दहा मिनिटांत मिटते. आपल्या गावात अशी जागा आहे. जपान, थायलंड, श्रीलंकेचा खरेदीदार आला तर त्याला तिथे जरूर न्या.

आता ‘ठरलं’ या शब्दासाठी तुमच्या आखाताकडे येतो. सौदीतल्या जेद्दाच्या एका व्यापाऱ्याकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन तास बसलो आणि भावाचा शब्दही निघाला नाही. कहवा, म्हणजे तिथली कॉफी, येत राहिला. कप रिकामा झाला की तिथे पुन्हा भरतात. नको असेल तर कप हलकेच हलवून परत द्यायचा, ही तिथली खूण. वडील काय करायचे, भाऊ किती, पेढी कुणाबरोबर चालवता, नागपुरात कुणाचा माल घेता, असं विचारणं चाललं होतं. मला घाई होती, मी दोनदा सॅम्पलची पिशवी उघडली. त्याने दोन्ही वेळा ती हसून बाजूला सारली. आपण ज्यासाठी बँकेकडून समोरच्याचा अहवाल मागवतो, तेच काम तो मला समोर बसवून करत होता, हे मला परतीच्या विमानात उमगलं. नंतर मी त्याला ११ पानी कराराचा मसुदा पाठवला आणि महिनाभर उत्तर आलं नाही. त्याला वाटलं, माझ्या घरी बसून कहवा घेतलेल्या माणसाला माझ्या शब्दाचा भरवसा नाही. जर्मनीत तीच ११ पानं भेटीच्या आधी न पाठवली, तर तुम्ही कच्चे ठरता.

म्हणून काय करार करू नये? करायचाच. पण आखातात तो भेटीनंतर, थोडक्यात, आणि ‘माझ्या बँकेला लागतो’ असं सांगून पाठवायचा; ते खरंही असतं. पैशांसाठी पहिली काही वर्षं एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा सोडू नका. एलसी यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांवर चालते आणि त्यात बँक फक्त कागद पाहते, माल पाहत नाही. बीएलवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, खरेदीदाराच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तरी पैसे अडतात. तेव्हा कहवा घेताना जोडलेला माणूस उपयोगी पडतो, कारण ती चूक सोडून द्यायची की भाव पाडायला वापरायची, हे त्याच्याच हातात असतं. करारात कोणत्या देशाचा कायदा लागू आणि लवाद कुठे, ही दोन वाक्यं गाळू नका. मालविक्रीच्या १९८० च्या व्हिएन्ना करारात जर्मनी, जपान, चीन आहेत, भारत नाही. त्यामुळे आपल्याला जो कायदा गृहीत वाटतो तो त्यांना वाटत नाही.

‘उद्या’चं गणित तर कॅलेंडरवरच मांडता येतं. सौदीत २०१३ पासून सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. आपल्याकडे रविवार आणि बँकांना दुसरा-चौथा शनिवार. म्हणजे दोन्हीकडची कार्यालयं एकत्र उघडी असतात ती सोमवार ते गुरुवार. गुरुवारी दुपारी कागदात चूक सापडली तर ती सोमवारी सुधारते, आणि तोवर रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरचं भाडं चढत राहतं. अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस केला, त्यामुळे पहिल्या प्रयोगाला मी दुबई सुचवेन. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला होता, नंतर तो फेब्रुवारीत आणि पुढे जानेवारीत सरकतो. रोजे सुरू होण्याआधी फळांना उठाव असतो, पण रोजे सुरू झाले की कार्यालयांचे तास कमी होतात. तुमचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा, निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. माल रमजानच्या आधी शेल्फवर लागला पाहिजे, त्या हिशेबाने त्याआधी निघणाऱ्या आंबिया बहाराचा उशिराचा माल धरायचा की मृगाचा लवकरचा, हे बागेतच ठरवावं लागेल. आणि आपली बाजूही त्यांना सांगून ठेवा. पोळ्यानंतर मारबतीच्या दिवशी महाल-इतवारीत गाडी भरत नाही, हे जेद्दाच्या माणसाला कसं कळणार? मी दर जानेवारीत खरेदीदारांना आपल्या बंद दिवसांची यादी पाठवतो आणि त्यांची मागवतो. चिनी नववर्ष, जपानचा एप्रिलअखेरचा गोल्डन वीक, ऑगस्टमधला ओबोन हे सगळं त्यात येतं.

‘चांगला माल’ हा शब्द मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण आपलं विदर्भाचं भलं-बुरं त्यात आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे अख्खा दाणा म्हणजे तांदूळ आणि तुटलेली कणी म्हणजे उरलंसुरलं. कोंबड्यांना, इडली-डोशाच्या पिठाला किंवा दारूच्या कारखान्याला. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये लोक आवडीने कणीच खातात. फ्रेंच राजवटीत इंडोचायनातून कणी तिकडे येऊ लागली, स्वस्त होती म्हणून रुळली, आणि पिढ्यांनी त्या दाण्यावरच आपली चव घडवली. मासे आणि भाज्यांच्या रश्शात शिजणारा त्यांचा ‘चेबू जेन’ हा भात २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. फुटका दाणा रस्सा जास्त पितो, असं तिथल्या बायका सांगतात. तिथल्या राजधानीतल्या, डाकारच्या खरेदीदाराला मी सुरुवातीला अभिमानाने कमी कणीचा अख्खा तांदूळ दाखवला होता. त्याने मूठभर हातात घेतला, बोटांनी चाळला आणि म्हणाला, हा आमच्या भांड्यात शिजायचा नाही. मग त्याने खिशातून एका छोट्या पिशवीतली कणी काढून माझ्या तळहातावर ओतली. दाणा एकसारखा तुटलेला, धूळ नाही, पावडर नाही. चांगल्या कणीलाही प्रत असते हे मला तेव्हा कळलं, आणि मिलमध्ये कणीसाठी वेगळी चाळणी बसवली तेव्हा तिला भाव मिळू लागला. त्याच भागातल्या बेनिनला मात्र उकडा तांदूळ जातो, आणि तो अख्खाच हवा असतो. ‘आफ्रिकेत तांदूळ पाठवायचा’ असं म्हणू नका. कोणत्या गावच्या कोणत्या भांड्यात तो शिजणार आहे ते आधी विचारा.

मिरचीचं उलट. भिवापूरची मिरची आपण हातात घेऊन, मोडून, वास घेऊन पारखतो आणि ठसका लागला की माल पसंत. युरोपचा खरेदीदार ती हातात घ्यायच्या आधी प्रयोगशाळेचा कागद मागतो. यात तो आपला अपमान करत नाही. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या मिरचीत सुदान हा कारखान्यांत वापरायचा रंग सापडला, युरोपने तपासणी सक्तीची केली, आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. तिथल्या ग्राहकाच्या मनात ते राहिलं आहे. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची मर्यादा तिथे एकूण १० पीपीबी (अब्जात १० भाग) आहे, त्यातल्या बी-१ या प्रकारासाठी ५. जमिनीवर वाळवलेल्या, रात्री दव लागलेल्या मिरचीला हा कागद मिळत नाही, रंग कितीही लाल असो. आपला व्यापार माणसाच्या भरवशावर चालतो, त्यांचा कागदाच्या. दोन्ही भरवसे खरे आहेत, पण त्यांच्या दारात जायचं तर त्यांची रीत पाळावी लागते. आणि कधी हीच रीत आपल्या कामी येते: युरोपात जनुकबदल केलेल्या सोयाबद्दल लोकांच्या मनात अढी आहे, जर्मनीत दूध-अंड्यांवर ‘जनुकबदलाशिवाय’ असं लेबल लागतं, आणि आपल्याकडे जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. आपल्या ढेपेला तिथे जो वरचा भाव मिळतो तो प्रथिनांसाठी मिळत नाही, या अढीसाठी मिळतो. पण त्यासाठी शेतापासूनचा कागद लागतो.

खुणा आणि आकडे यांबद्दल दोनच प्रसंग सांगतो. नवीन गिऱ्हाईकाचा पहिला कंटेनर निघताना आपण नारळ फोडतो, दाराला हळदकुंकू लावतो. एका कारखान्यात पूजेच्या उत्साहात कामगारांनी जर्मनीला जाणाऱ्या पहिल्या वीस खोक्यांवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. माझ्या नजरेला ते सील लावायच्या अर्धा तास आधी पडलं. जर्मनीत नाझी चिन्हं दाखवणं दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक वेगळं, हजारो वर्षांचं, हे तिथल्या गोदामातल्या मजुराला कोण समजावणार, आणि ज्याच्या आजोबांनी ते दिवस पाहिले त्याला ते पाहून काय वाटेल? वीस खोकी बदलली. पूजा आम्ही आजही करतो, कुंकू कंटेनरसमोरच्या जमिनीवर वाहतो. सौदीच्या ध्वजावर कलमा आहे, त्यामुळे तो फेकून द्यायच्या खोक्यावर छापणं हा त्यांच्या श्रद्धेचा अवमान ठरतो; १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी मॅकडोनाल्ड्सलाही यावरून पिशव्या मागे घ्याव्या लागल्या होत्या. तुमच्या खोक्यावर ध्वजाचं चित्र नको, एवढं पाळा.

आकड्यांचा प्रसंग सोयाबीनच्या ढेपेचा. जर्मनीतून चौकशी आली, ‘२४,५०० टन’. ऑफिसातला नवा मुलगा हरखून गेला, त्याने घाऊक सवलतीचा भाव लिहून पाठवूनही दिला. जर्मनीत स्वल्पविराम म्हणजे आपलं दशांशचिन्ह. मागणी साडेचोवीस टनांची होती, म्हणजे एका कंटेनरची. त्या भावाला आम्ही बांधले गेलो आणि तो कंटेनर तोट्यात पाठवला. व्हिएतनाममध्येही हीच पद्धत. तेव्हापासून आमच्याकडे आकडा शब्दांत आणि महिना अक्षरांत लिहिल्याशिवाय कागद बाहेर जात नाही, कारण अमेरिकेत ०३/०४ म्हणजे ४ मार्च. लाख-कोटी तर इंग्रजी कागदावर वापरूच नका.

भेटवस्तू, चीन-जपानमध्ये चारचा आकडा अशुभ, असल्या गोष्टी खरेदीदाराच्या ऑफिसातली मुलगी तुम्हाला दोन मिनिटांत सांगेल, त्यावर मी वेळ घालवत नाही.

पण सगळ्याला संस्कृती कारण आहे असंही समजू नका. पंकज घेमावत यांनी २००१ मध्ये देशांमधली चार अंतरं मांडली: सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक. आपल्या संत्र्यासाठी बांगलादेश पहिल्या आणि तिसऱ्या अंतराने सगळ्यांत जवळ. ढिल्या सालीचं, बियांचं, आंबटगोड फळ तिथे आवडतं, रस्त्याने माल जातो. तरी त्यांनी २०१९ ते २०२३ दरम्यान आयात शुल्क चौपटीहून जास्त वाढवलं आणि वरूड-मोर्शी-काटोलच्या बागांमध्ये भाव कोसळला. तिथे गोड बोलून काही झालं नसतं. आपल्या सरकारनेही तेच केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये कणीची निर्यात बंद झाली, जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची. त्या निर्णयांना देशातली कारणं होती, पण डाकारच्या माणसाला दिसलं ते एवढंच की भारतीयांनी शब्द दिला आणि मोडला. धोरणाचा फटका असा माणसांच्या स्वभावाच्या खात्यावर लिहिला जातो. मी त्याला ईमेल केला नाही. त्याच दिवशी फोन केला, अधिसूचना फ्रेंचमध्ये भाषांतर करून पाठवली, ॲडव्हान्स न मागता परत केला, आणि पुढची अडीच वर्षं दर ईदला फोन करत राहिलो. मार्च २०२५ मध्ये कणीवरची बंदी उठली तेव्हा पहिला फोन त्याचाच आला.

तुमच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची चव जगात कुठे नाही हे मीही मनापासून मानतो. पण दुबईच्या सुपरमार्केटमध्ये ते इजिप्त आणि दक्षिण आफ्रिकेच्या संत्र्याशेजारी बसणार; तिकडचं फळ घट्ट सालीचं, चकचकीत, एका रंगाचं, बऱ्याचदा बिनबियांचं. आपल्याकडे ढिली साल हा गुण, लहान पोरही सोलून खातं. तिथल्या शेल्फवर तीच साल ‘फळ जुनं झालं’ असं सांगते, आणि प्रवासात ती लवकर दबते. म्हणून पहिला कंटेनर लगेच भरू नका. आखातातल्या भारतीय किराण्याच्या साखळ्यांपासून सुरुवात करा, तिथे नागपूरचं नाव माहीत असलेला माणूस असतो. त्याला दोन खोकी विमानाने पाठवा. सोबत मोबाइलवर एक व्हिडिओ: बागेतलं संत्रं हातात, साल सोलताना, फोड उघडून बिया दिसताहेत, मोजून दाखवा. मग त्याला विचारा, तुमच्या गिऱ्हाइकाला यातलं काय चालणार नाही? तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून त्याला परत पाठवा आणि त्यावर त्याचं उत्तर येईपर्यंत पॅकहाउसला ऑर्डर देऊ नका.